जखमी माजी सैनिकासाठी घरी संगीत कसं सुरू करावं: मुंबईतल्या कुटुंबांसाठी

आमच्या ह्यांचा उजवा पाय २००२ साली गेला. तेव्हा सीमेवर सैन्य उभं होतं. लढाई झाली नाही, पण पेरलेल्या सुरुंगांनी बऱ्याच जणांचे पाय नेले, त्यातला एक आमच्या घरचा. पाय गुडघ्याखाली गेला आणि त्याच स्फोटात डाव्या कानाचं ऐकणंही अर्ध्यावर आलं. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये कृत्रिम पाय बसवला. पुढे पेन्शन घेऊन हे मुंबईला आले आणि बँकेत सिक्युरिटीला लागले. दिवस बरा जायचा. रात्री मात्र नसलेला पाय दुखायचा आणि झोप यायची ती तुकड्यातुकड्यांनी.

गावी साताऱ्याकडे हे लहानपणापासून भजनात बसायचे. म्हणून एका वर्षी माझ्या मनात आलं की ह्यांच्या कानावर जरा गाणं-बजावणं पडू दे. मी ह्यांना लालबागला विसर्जनाची मिरवणूक बघायला घेऊन गेले. ढोल-ताशा सुरू झाला, आणि दहा मिनिटांनी बघते तर हे शेजारी नाहीत. एका इमारतीच्या जिन्याखाली सापडले. कठडा घट्ट धरलेला, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, बोटं पांढरी पडलेली. ती एकेक करून मी सोडवली. घरी येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

आज हेच गृहस्थ आठवड्यातून एकदा चाळीच्या भजनी मंडळात टाळ वाजवतात आणि रोज संध्याकाळी पेटीवर बसतात. इथपर्यंत यायला आम्हाला दोन वर्षं लागली, कारण पहिले सहा-आठ महिने आम्ही सगळं उलट्या क्रमाने केलं. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून क्रमाने लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. संगीताच्या नावाखाली औषधं बंद करू नका, फिजिओथेरपी सोडू नका. आमच्या घरी आजही गोळ्यांचा डबा पेटीच्या शेजारीच असतो.

१. आधी कान आणि शरीर तपासून घ्या

स्फोटाजवळ असलेल्या माणसाचा कान बाहेरून धड दिसतो आणि आतून दुखावलेला असतो. कुणाला वरचे सूर ऐकू येत नाहीत. कुणाच्या कानात दिवसरात्र शिट्टी वाजत असते. कुणाला ताटावर चमचा पडला तरी सुई टोचल्यासारखं होतं. हे माहीत नसताना गाणं लावलं तर माणूस त्रासतो, आणि आपण समजतो की ह्यांना गाण्याची आवडच नाही.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर तिच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या. कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनीत किंवा यादीतल्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, होते. शिवाय वांद्रे रेक्लमेशनला अलि यावर जंग संस्था आहे. १९८३ सालापासूनची ही केंद्र सरकारची संस्था बोलणं आणि ऐकणं ह्यांवरच काम करते. कानाचं मशीन लागणार असेल तर तिथे एक प्रश्न नक्की विचारा: ह्या मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळं सेटिंग आहे का? मशीन साधारणपणे बोलणं नीट ऐकू यावं म्हणून लावलेलं असतं. त्या सेटिंगमध्ये पेटीचा लांबलेला सूर त्याला गोंगाट वाटतो आणि ते तो दाबून टाकतं.

हातापायाचं असेल तर हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. १९५५ सालची जुनी जागा. तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला सरळ सांगा की ह्यांना वाद्य वाजवायचं आहे, बसायचं कसं आणि हात किती वेळ वापरायचा ते दाखवा. आम्ही विचारलं तेव्हा त्या बाईंनी अर्धा तास दिला आणि उशी कुठे ठेवायची तेही सांगितलं.

फुंकून वाजवायची वाद्यं, म्हणजे बासरी किंवा माउथ ऑर्गन, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातात देऊ नका. छातीला, डोळ्याला किंवा डोक्याला जखम झालेली असेल तर फुंकण्याचा जोर आत दाब वाढवतो. डोक्याला मार लागून फिट येत असेल तर तेही आधीच सांगा.

२. कागद एका फाइलमध्ये लावा

हे काम एका रविवारी उरकतं:

- डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या (पेन्शनच्या आदेशाच्या) झेरॉक्स
- ईसीएचएस कार्ड
- जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं माजी सैनिक ओळखपत्र (मुंबई शहर आणि मुंबई उपनगर ह्यांची कार्यालयं वेगळी आहेत, आपलं कुठलं ते बघा)
- मेडिकल बोर्डाचे कागद, अपंगत्वाच्या टक्केवारीसह
- यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र)
- ऑडिओग्राम आणि चालू औषधांची यादी

यूडीआयडी नसेल तर अर्ज करा. लोकलच्या दिव्यांग डब्यात चढताना ते जवळ असलेलं बरं. पेटी घेऊन संध्याकाळी सहाच्या गर्दीत दादरला चढणं धडधाकट माणसालाही जमत नाही.

संगीताच्या शिकवणीची फी ईसीएचएसमधून मिळेल असं धरून चालू नका. तो खर्च घरातूनच करायचा आहे असं समजून बेत आखा.

३. थांबवण्याची खूण ठरवा

ही पायरी मी पहिल्यांदा गाळली होती, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची निघाली.

विचार करा. जखम झाली त्या क्षणापासून ह्या माणसाच्या बाबतीत प्रत्येक निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो. पाय कुठून कापायचा, कुठे भरती करायचं, कधी सोडायचं, कुठली मेडिकल कॅटेगरी द्यायची, सगळंच. आणि आवाज तर अंगावर न विचारता येतो. म्हणून गाणं कधी सुरू करायचं, किती मोठं ठेवायचं आणि कधी थांबवायचं, ह्या तिन्ही गोष्टी त्यांच्या हातात राहू द्या. मी ह्यांना लालबागला नेलं तेव्हा नेमकं ह्याच्या उलट केलं होतं. जायचं मी ठरवलं, वेळ मी ठरवली, आणि गर्दीतून निघायला वाट नव्हती.

खूण तोंडी नको. घाबरलेल्या माणसाला त्या वेळी शब्द सापडत नाहीत. आमची खूण साधी आहे: हात मांडीवर पालथा ठेवला की थांबायचं. कुणी “काय झालं?” विचारायचं नाही, तोंडाकडे बघत बसायचं नाही, आणि “एवढं कडवं संपवू या” तर मुळीच म्हणायचं नाही. पाणी द्यायचं आणि आपल्या कामाला लागायचं. मुलांना, सुनेला, येणाऱ्याजाणाऱ्याला हे आधी समजावून ठेवा. पहिल्या आठवड्यात आमचा हात सतरा वेळा तरी पालथा झाला असेल. पुढे पुढे कमी झाला, कारण थांबता येतं ह्याची खात्री पटली.

४. पहिले दहा दिवस नुसतं ऐका

वाद्य नको, शिक्षक नको. मोबाइल किंवा साधा रेडिओ घ्या आणि तो त्यांच्या हातात द्या. रोज एकाच वेळी, पंधरा मिनिटं. आवाज आपण बोलतो त्याच्यापेक्षा खाली. बसायची जागा अशी निवडा की पाठीमागे भिंत येईल आणि दार समोर दिसेल. पाठीमागे कोण आहे हे दिसत नसेल तर बरेच जवान गाण्याकडे लक्षच देऊ शकत नाहीत.

काय ऐकायचं? भरती होण्याच्या आधी कानावर पडलेलं. आईची जात्यावरची ओवी, गावच्या सप्ताहातले अभंग, जत्रेतला तमाशा, शाळेतली प्रार्थना, काहीही. त्या आठवणीला दारूगोळ्याचा वास नसतो. आमच्याकडे पहिले चार दिवस काकड आरतीच चालली, तीसुद्धा संध्याकाळी सात वाजता. चालू दिली.

इथे एका सापळ्याबद्दल सांगते, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक घर अडकतं. माणूस सैनिक आहे म्हणून लोक त्याला देशभक्तीची गाणी लावून देतात. सोसायटीत १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला माइक हातात देऊन म्हणतात, “साहेब, तुम्हीच म्हणा!” त्यात प्रेम असतं हे मला कळतं. पण त्या गाण्यात त्याला गेलेले साथीदार दिसत असतील तर? अंत्यसंस्काराला वाजणारा बिगूल ज्याने उभं राहून ऐकला आहे, त्याला बँडचे पहिले दोन सूरही पुरतात. काहींना ती गाणी हवी असतात, त्यातून ऊर भरून येतो आणि हलकं वाटतं. काहींना मुळीच नको असतात. तेव्हा विचारा, आणि मिळेल ते उत्तर माना. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी दोन वर्षं ओळीने सांगितलं, “ह्यांना खुर्चीवर बसू दे, माइक नको.” तिसऱ्या वर्षापासून ते स्वतःच इतरांना सांगायला लागले.

वहीत रोज चार गोष्टी लिहा: काय ऐकलं, आधी दुखणं दहापैकी किती, नंतर किती, रात्री झोप किती तास. ही वही पुढे डॉक्टरांनाही उपयोगी पडते. आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात दुखण्याच्या आकड्यात काहीच फरक नव्हता. झोपेच्या रकान्यात मात्र सहाव्या दिवसापासून साडेतीनचे साडेचार झाले.

५. शरीर बघून वाद्य निवडा

ज्याला जे आवडेल ते द्यावं असं लोक म्हणतात. मी म्हणते, शरीराला पहिल्याच दिवशी जे थोडं तरी जमेल ते द्या. आधीच खूप गोष्टी हातून निसटल्या आहेत, त्यात आणखी एक नको.

पाय गेला असेल तर: मांडी घालण्याचा हट्ट सोडा. कृत्रिम पाय लावून मांडी घालणं सगळ्यांना जमत नाही, आणि ओढूनताणून घातली तर स्टंपवर, म्हणजे पायाच्या उरलेल्या टोकावर, सालटं निघतात. हातांच्या वाद्याला पायाचं काही अडत नाही, फक्त ते वर आणावं लागतं. तबला स्टँडवर, पेटी टेबलावर, माणूस खुर्चीवर.

एक हात गेला असेल तर: पेटीला दोन हात लागतात, एक भात्याला आणि एक पट्ट्यांना. पण आपल्या संगीत नाटकांत वाजायचा तो ऑर्गन आठवा, त्याचा भाता पायाने चालायचा. तशी पायपेटी जुन्या घरांत, कधी दुरुस्तीवाल्यांकडे अजून मिळते. ती नाही मिळाली तर घरातल्या कुणीतरी भाता मारावा, नातवंडं हे काम आनंदाने करतात. किंवा साधा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्या. आणि चिपळ्या विसरू नका, त्या एका हाताच्याच असतात. आपल्या कीर्तनकारांनी एका हातात चिपळ्या घेऊन रात्रीच्या रात्री उभ्या केल्या आहेत.

हात गमावलेल्या जवानाला मी एका माणसाची गोष्ट नेहमी सांगते. पॉल विट्गेनश्टाईन हा ऑस्ट्रियाचा पियानोवादक. १९१४ साली पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला आणि तो रशियनांच्या कैदेत पडला. सुटून आल्यावर त्याने डाव्या हाताने पुन्हा वाजवायला सुरुवात केली. मोठमोठ्या रचनाकारांनी त्याच्यासाठी फक्त डाव्या हाताच्या रचना लिहिल्या. ह्यातलं मला आवडतं ते हे की जुन्या रचना अर्धवट वाजवत बसण्यापेक्षा त्याने एका हाताच्या पुऱ्या रचना मागून घेतल्या.

बोटं गेली असतील तर: बासरीची सहा भोकं सहा बोटं मागतात, त्यामुळे ती बाजूला ठेवा. टाळ, खंजिरी, एकतारी बघा. टाळाची दोरी बोटांत धरवत नसेल तर मनगटाला मऊ पट्टा बांधून त्यात अडकवता येते.

कण्याला इजा होऊन कमरेखाली संवेदना नसेल तर: वाद्य मांडीवर ठेवू नका. खाली दाबलं जातंय, सोलवटतंय हे त्यांना कळतच नाही, आणि रियाज संपेपर्यंत जखम झालेली असते. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमधून आलेल्या जवानांना हे पाठ असतं, पण उत्साहाच्या भरात घरची माणसं विसरतात. व्हीलचेअरला लागणारं छोटं टेबल करून घ्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, आणि रात्री मांड्या-नितंबांची त्वचा बघायची.

डोक्याला मार लागला असेल तर: दहा मिनिटांच्या वर जाऊ नका, दिवा मंद ठेवा, एका वेळी एकच आवाज. टीव्ही चालू आणि शेजारी पेटी, असं करू नका. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन बोलणं गेलं असेल तर गाऊन बघा. ज्याला “पाणी” म्हणता येत नाही, तोच माणूस कधी कधी आरतीची अख्खी ओळ शब्दांसकट म्हणतो, कारण चालीचा मेंदूतला रस्ता काही अंशी वेगळा आहे. बोस्टनच्या संशोधकांनी १९७३ साली ह्यावरच एक पद्धत मांडली: रोजची छोटी वाक्यं दोन सुरांत म्हणायची आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठोका द्यायचा. हे मात्र स्पीच थेरपिस्टकडून शिकून करा. अंदाजाने केलं तर नुसती आरतीच म्हणता येते, पाणी मागता येत नाही.

ऐकू कमी येत असेल तर: पखवाज किंवा तानपुऱ्याचा भोपळा अंगाला टेकवून बघा. सूर हाडातून कळतो.

६. वाद्य लगेच विकत घेऊ नका

आम्ही घेतलं, आणि चांगली पेटी आठ महिने कॉटखाली पडून राहिली. रोज केर काढताना ती दिसायची. ह्यांना वाटायचं पैसे वाया घालवले, मला वाटायचं माणूस प्रयत्न करत नाही, आणि पेटीपायी घरात बोलणं तुटलं.

अमेरिकेत मिल्वॉकी शहरात २००७ साली माजी सैनिकांना गिटार शिकवणारी एक संस्था सुरू झाली, गिटार्स फॉर व्हेट्स. त्यांचा नियम आहे: आधी दहा फुकट धडे, आणि ते पूर्ण केले की गिटार भेट. हा क्रम मला फार पटला. दहा वेळा माणूस उठून गेला की वाद्य त्याने कमावलेलं होतं. तुम्हीही तसंच करा. पहिले दहा धडे शिक्षकाच्या किंवा मागून आणलेल्या वाद्यावर होऊ देत, मग दुकानात जा. दादर आणि गिरगावात पेटी-तबल्याची जुनी दुकानं आणि दुरुस्तीवाले आहेत. जुनी पेटी घेताना भाता भरून सोडून द्या. सगळ्या पट्ट्या मिटलेल्या असताना तो भराभर बसला तर गळती आहे. आणि ज्यांना वाजवायचं आहे त्यांना सोबत न्या, सरप्राइज देऊ नका.

टाळांची जोडी काही शे रुपयांत येते. खरं तर सुरुवातीला तीच पुरे.

७. शिक्षक शोधा आणि त्यांना सगळं सांगा

म्युझिक थेरपिस्ट (संगीतातून उपचार करणारा) आणि संगीत शिक्षक ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर अमेरिकेतल्या सैनिकी रुग्णालयांत गाणारे-वाजवणारे लोक जाऊ लागले. जखमी माणसांना बरं वाटायचं, पण कुणाला काय द्यावं हे गाणाऱ्यांना कळत नव्हतं. म्हणून १९४४ साली मिशिगनमध्ये म्युझिक थेरपीचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५० साली तिथे थेरपिस्टांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आपल्याकडे “म्युझिक थेरपी” अशी पाटी दिसली तर विचारा: शिक्षण कुठे घेतलं, किती काळाचं, रुग्णालयात डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं आहे का? “अमुक राग ऐकला की अमुक आजार जातो” असा तक्ता कुणी हातात ठेवला तर नमस्कार करून निघा.

स्वप्नांनी रात्री ओरडत उठणं, दारू, जीव देण्याच्या गोष्टी हे सगळं असेल तर थेरपिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवाच. नसेल तर समजूतदार शिक्षक पुरतो.

समजूतदार शिक्षक मिळायला आम्हाला तीन क्लास फिरावे लागले. एका ठिकाणी सांगितलं, “मांडी घालून बसता येत नसेल तर आमच्याकडे जमणार नाही.” हे जिना उतरून खाली आले आणि म्हणाले, “चल, झालं.” त्या दिवशी मी फार रडले. पुढे भेटलेल्या गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आम्ही ज्यांची पद्धत शिकवतो ते विष्णु दिगंबर पलुसकर. लहानपणी फटाक्याने नजर अधू झाली, शाळा सुटली, म्हणून तर ते मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला गेले. १९०१ साली लाहोरला विद्यालय काढलं, १९०८ ला मुंबईत आणलं. आणि आम्ही खुर्चीला नाही म्हणायचं?” खुर्ची त्यांनी स्वतः आणून ठेवली.

पहिल्या धड्याआधी, जमल्यास फोनवरच, शिक्षकांना एवढं सांगा:

- मागून येऊ नका, न सांगता खांद्याला हात लावू नका.
- तबला जुळवताना हातोडी मारायच्या आधी तसं सांगा. त्या टकटकीने दचकतात, ठेक्याने नाही.
- चूक झाली तर टाळी वाजवून थांबवू नका.
- थांबण्याची खूण ही अशी आहे.
- युद्धाबद्दल विचारू नका. त्यांना बोलावंसं वाटलं तर ऐका.
- दया दाखवू नका, पण रियाज चुकला तर तसं सांगा. शिस्तीत वाढलेल्या माणसाला सूट दिली की अपमान वाटतो.

काही जणांना परीक्षा आवडते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, मग प्रवेशिका, अशी चढती श्रेणी असते. लान्स नाईकचा नाईक झाल्यासारखं वाटतं असं आमचे हे म्हणतात. नको असेल तर आग्रह नको.

८. घरातली मांडणी आणि रोजची वेळ

आमचं घर वन रूम किचन. पेटी इस्त्रीच्या टेबलावर असते, खाली घडी केलेली सोलापुरी चादर, म्हणजे भाता मारताना ती सरकत नाही. हे संध्याकाळी कामावरून येतात, हातपाय धुतात, कृत्रिम पाय काढून भिंतीला उभा करतात. स्टंपचा मोजा काढून लाल झालेली जागा बघतात, पावडर लावतात, स्टंप उशीवर ठेवतात. मग पेटी. आधी काळी एक ही पट्टी दाबून नुसता सा. तो श्वास संपेपर्यंत धरायचा, तोंडाने “आ”, आवाज पोटातून, खर्जाकडे. असं दहा वेळा.

हा लांब सूर सोडू नका, धून नंतर शिकली तरी चालेल. श्वास सावकाश बाहेर गेला की छातीतली धडधड उतरते, हे अंगाला कळतं, समजावून सांगावं लागत नाही. रात्री नसलेल्या पायाच्या अंगठ्यात कळ येते तेव्हाही हे अंथरुणात बसून तोंड मिटून तोच सा गुणगुणतात. कळ जात नाही. पण पूर्वी पहाट होईपर्यंत येरझाऱ्या व्हायच्या, आता बहुतेक वेळा पुन्हा डोळा लागतो.

वीस मिनिटं पुरे. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, चाळीत भिंती पातळ असतात. रात्री १० नंतर वाद्य बंद. कायदा आहेच, पण शेजारधर्म त्याहून मोठा.

९. वाईट दिवस येतील

कधी सूर लागता लागता रडू येतं. येऊ द्या, ते थांबवू नका. पण ओळीने तीन-चार दिवस झोप उडाली, स्वप्नं वाढली, माणूस जेवेना, बोलेना, तर संगीत बंद करून डॉक्टरांकडे जा. मरणाची भाषा आली तर त्याच क्षणी टेलि-मानसला १४४१६ वर फोन लावा. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि घरच्या माणसानेही लावला तरी चालतो. त्यांना एकटं सोडू नका.

आणखी एक, मोकळेपणाने लिहिते. सैन्याच्या कॅन्टीनमधला दारूचा कोटा आणि रात्रीचं गाणं एकत्र येऊ देऊ नका. पेल्यासोबत गाणं लावायची सवय लागली की पुढे पेल्याशिवाय गाणं गोड लागत नाही. आमच्या ओळखीत एक चांगला गळा असा गेला.

१०. गणपती आणि दिवाळीची तयारी

मुंबईत राहायचं तर हे टळत नाही. आपल्या गल्लीतून मिरवणूक कधी जाणार ते मंडळाला आधी विचारा आणि ती वेळ घरात सांगा. आवाज येणार हे माहीत असलं की धक्का निम्मा होतो. फोमचे कानातले बोळे केमिस्टकडे मिळतात, ते तेवढ्या वेळापुरतेच घाला. दिवसभर घालून बसलं तर कान आणखी हळवे होतात. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद व्हायला हवेत, सणांच्या काही ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट असते. ते दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवा. दिवाळीचे पहिले दोन दिवस आम्ही गावी जातो.

११. मंडळात बसणं

हे सगळ्यात शेवटी. घरी निदान तीन महिने झाल्याशिवाय लोकांत नेऊ नका.

मुंबईत अजून चाळीचाळीतून, देवळादेवळातून भजनी मंडळं आहेत, आणि जखमी माणसाला मी पहिली पसंती त्यांनाच देते. तिथे कुणी स्टेजवर नसतं, सगळे गोल बसतात. एक चुकला तरी बाकीचे सांभाळून घेतात, टाळ वीस असतात, त्यातला एक मध्येच थांबला तरी अभंग चालू राहतो. पलटणीत जे सुटलं ते, सगळ्यांनी मिळून एका पावलात चालणं, इथे बसल्या जागी मिळतं. आधी एकदा नुसतं दाराशी बसून या. पखवाजापासून लांबची जागा मागा. बरा कान लोकांकडे करा.

आमच्या मंडळातल्या नानांना मी खुणेबद्दल सांगितलं होतं. पण हातात टाळ असताना हात पालथा कसा ठेवणार, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यावर नानांनीच तोड काढली: टाळ उताणे मांडीवर ठेवले की ह्यांना विश्रांती हवी, पालथे ठेवले की सगळ्यांनीच आवाज उतरवायचा. पहिल्या एकादशीला दोनदा टाळ पालथे पडले. दोन्ही वेळा वीस माणसांचा आवाज कुजबुजीवर आला, कुणी मान वळवून पाहिलं नाही, नाना खालच्या पट्टीत तीच ओळ घोळवत राहिले. जरा वेळाने ह्यांनी टाळ उचलले, आणि पुढची ओळ वर गेली.